भायखळ्याचे स्मारक आणि १९४४चा गोदीस्फोट

प्रश्न: भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात ज्या ६६ जवानांचे स्मरण केले जाते, ते रणांगणावर पडले नव्हते, तरी त्यांच्या स्मारकाला युद्धस्मारक म्हणता येईल का?

उत्तर १: माझ्या मते निश्चितच म्हणावे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात महायुद्धासाठी आणलेली हजाराहून अधिक टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठीही रचल्या होत्या. दुपारी धूर दिसल्यावर जवान तळातल्या आगीवर पाण्याचा मारा करत राहिले. पण कापूस आतून धुमसतच राहिला आणि चार वाजून गेल्यावर पहिला, तर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. जहाजावरच्या सोन्याच्या विटासुद्धा दूरवर उडाल्या.

उत्तर २: सहमत आहे. याच दिवसाच्या स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मात्र गोदीत आणि लगतच्या वस्तीत प्राण गमावलेल्या शेकडो कामगार-रहिवाशांचे स्मरणही तितक्याच आदराने व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.