उर्वशीने विचारलं ते बरोबरच विचारलं

अण्णानगरवासी:
परवा एका पोस्टमध्ये वाचलं की ‘उळ्ळोळुक्कु’ या मल्याळम सिनेमासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर दक्षिणेतली अभिनेत्री उर्वशीने ‘सहायक अभिनेत्री कुठल्या निकषावर?’ असं जाहीर विचारलं ते तिला शोभलं नाही. दिला तो गपगुमान घ्यायचा, शिवाय तमिळमध्ये ती नायकाची आईच तर असते. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

सिनेमात केरळातल्या कुट्टनाडात पूर आलाय, घरात पाणी शिरलंय, मुलगा गेलाय आणि पाणी ओसरेपर्यंत दफन होऊ शकत नाही. अशा घरात लीलाम्मा (उर्वशी) आणि तिची सून अंजू (पार्वती) अडकल्यात. सुनेच्या पोटातलं मूल आपल्या मुलाचं नाही, हे लीलाम्माला कळतं. यातली सहायक कोण? दोघींपैकी एकीला बाहेर काढा, सिनेमाच उरत नाही. याच भूमिकेसाठी केरळ सरकारने तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं, बीना आर. चंद्रनसोबत विभागून. तो तिचा सहावा राज्य पुरस्कार. 1989, 1990, 1991 असे तीन तर लागोपाठ आहेत. दिल्लीला मात्र ती सहायक दिसते!

तमिळमधल्या ‘आई’बद्दलही बोलतो. मी चेन्नईत राहतो. आमच्या घरमालकीणबाई टीव्हीवर ‘मुंदानै मुडिच्चु’ लागला की गॅस बंद करून येऊन बसतात. 1983 चा सिनेमा आहे, उर्वशी तेव्हा कोवळी पोरगी. नायक भाग्यराजशी लग्न व्हावं म्हणून तान्ह्या बाळाची खोटी शपथ घेणारी ती परिमळम. हसवता हसवता ती मुलगी सबंध सिनेमा ओढून नेते.

ठाणेकर_काका:
पुरस्कार मागून घ्यायचा नसतो. मी बँकेत होतो. माझ्यामागून लागलेले दोघे माझ्या आधी मॅनेजर झाले. मी एक शब्द काढला नाही आणि सन्मानाने निवृत्त झालो. मोठ्या माणसाने मोठ्यासारखं वागावं.

आणि सिनेमा मी पाहिलाय. लग्न अंजूचं, प्रेमप्रकरण अंजूचं, निर्णयही अंजूचाच. नायिका पार्वती आहे. सासू कितीही ताकदीने उभी केली तरी गोष्ट सुनेचीच. आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेल्या राणी मुखर्जीनेही ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ एकटीने पेललाय, त्याचं काय?

रेवती_सी:
काका, तुम्ही गप्प बसलात म्हणून तुमच्यामागच्यांनाही डावललं गेलं असेल. स्पष्ट बोलते, राग मानू नका.

राणीबद्दल कुणी वाईट बोललेलंच नाही. प्रश्न असा आहे की आईची भूमिका म्हटली की हात आपोआप सहायकच्या रकान्याकडे जातो. 2005 मध्ये उर्वशीच्या ‘अच्चुविंटे अम्मा’लाही (म्हणजे ‘अच्चूची आई’) हेच झालं होतं. तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ‘परझानिया’साठी सारिका आणि उर्वशीची बोळवण सहायकवर. सिनेमाच्या नावात अम्मा आहे हो! वीस वर्षांत तीच गोष्ट दुसऱ्यांदा होत असेल तर बाईने तोंड उघडायचं कधी?

ठाणेकर_काका:
माझ्या नोकरीवर येण्याचं कारण नव्हतं. तुमचं वय काय, अनुभव काय?

मालवणी_मिरची:
कुणी नाव घेत नाहीये म्हणून मीच घेते. राष्ट्रीय पुरस्काराच्या ज्युरीचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते. मराठी माणूस, म्हणून आपण पांघरूण घालायचं का?

नाट्यवेडा_नाशिक:
मिरचीताई, त्याच ज्युरीने ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरवलं, ‘नाळ 2’ला बालचित्रपटाचा पुरस्कार दिला, ‘आत्मपॅम्फ्लेट’च्या दिग्दर्शकाला पदार्पणाचा दिला. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. ‘उळ्ळोळुक्कु’लाही सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा पुरस्कार त्यांनीच दिलाय. आकस असता तर तोही दिला नसता.

माझा मुद्दा वेगळाच आहे. इथे किती जणांना मल्याळम येतं? सबटायटल वाचून अभिनय जोखता येत नाही. अभिनयाचा अर्धा भाग आवाज असतो.

अण्णानगरवासी:
आवाजावर आलात ते बरं झालं. ‘मणिचित्रताळु’ या मल्याळम सिनेमासाठी शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात ती गंगा असते तेव्हा आवाज भाग्यलक्ष्मीचा आणि स्वतःला नागवल्ली समजू लागते तेव्हा दुर्गाचा. तुमच्या हिशोबाने तो पुरस्कार तिघींत वाटायचा का?

नाट्यवेडा_नाशिक:
हो, वाटायला हवा होता! नाटकवाल्याला विचारा. वीस वर्षं हौशी रंगभूमीवर घसा फोडलाय. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणं आणि स्वतः वाक्य फेकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डबिंगवाल्या बायका काळोख्या खोलीत उभ्या राहून रडतात, कापतात, ओरडतात आणि पोस्टरवर त्यांचं नाव नसतं. यावर धागा काढा.

रेवती_सी:
शोभनाचे डोळे आणि तो नाच कुणी डब केला? पलंग उचलते तो प्रसंग आवाज बंद करून बघा, मग बोला.

नाट्यवेडा_नाशिक:
पाहिलाय. डोळे तिचेच, मान्य. पण हाडं गोठवतो तो आवाजच. मी यावरून हटणार नाही.

कोल्हापूरची_सून:
सबटायटलवरून एक सांगते. माझ्या सासूबाईंना तमिळ येत नाही, अक्षरं वाचायला चष्मा सापडत नाही. ‘सूररै पोट्रु’ त्यांनी तसाच बघितला. तिकिटाचे पैसे पुरले नाहीत म्हणून मुलगा बापाच्या शेवटच्या क्षणी पोचू शकत नाही. तो दारात येतो आणि आई झालेली उर्वशी त्याच्यावर तुटून पडते. सासूबाई ताडकन उठल्या आणि माझ्या नवऱ्याला पुण्याला फोन लावला, ‘आत्ताच्या आत्ता ये’ म्हणाल्या. का ते सांगितलं नाही. नाशिककर, भाषा न येता हे कसं घडलं ते सांगा.

बाकी, ज्या आईच्या भूमिकांना इथे नावं ठेवताय त्यातली ही एक.

नाट्यवेडा_नाशिक:
त्यात उर्वशीचा स्वतःचा आवाज आहे, म्हणूनच घडलं. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

ठाणेकर_काका:
मूळ विषयावर या. ‘सूररै पोट्रु’तला तो प्रसंग जबरदस्त आहे, नाकारत नाही. पण तिथे ती सहायकच आहे ना? मग तिथे सहायक चालतं आणि इथे का चालत नाही?

रेवती_सी:
कारण तिथे गोष्ट मुलाची आहे, काका! तिथे तिला सहायक म्हणा, माझी हरकत नाही. ‘तलयणमंत्रम’मधली तिची मत्सरी कांचना हीच मुख्य भूमिका होती, 1990 मध्ये केरळने ते ओळखलं. लीलाम्माचं घर, लीलाम्माचा मुलगा, लीलाम्माची लाज, आणि शेवटी त्या सुनेचं काय करायचं हा लीलाम्माचाच पेच. सगळे निर्णय अंजूचे म्हणालात ना, मग शेवट परत बघा.

ठाणेकर_काका:
शेवटाबद्दल तुमचं म्हणणं काही अंशी पटतंय. दोघींनाही मुख्य म्हणून विभागून द्यायला हवा होता, एवढ्यापर्यंत मी येतो. जाहीर बोलण्याबद्दल माझं मत तेच आहे.

मालवणी_मिरची:
विभागून द्यायचाच होता, तर पार्वतीला काय मिळालं? तिचं नाव कुणीच घेत नाहीये!