मदत हवी आहे: आर्थर डेव्हिसच्या चित्रांतली माणसं इतकी ताठ का?

नमस्कार मंडळी,

आमच्या चित्र-अभ्यास गटात मला आर्थर डेव्हिसवर (१७१२-१७८७) बोलायचं आहे. हा लँकेशायरमधल्या प्रेस्टनचा. इंग्लंडमधल्या जमीनदार कुटुंबांची छोटेखानी समूहचित्रं काढणं हेच त्याचं मुख्य काम. नवरा-बायको, मुलं, मागे बाग किंवा दिवाणखाना. मला हा चित्रकार मनापासून आवडतो, आणि म्हणूनच एका गोष्टीचा नीट उलगडा व्हायला हवा आहे.

लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत ॲथर्टन दांपत्याचं चित्र आहे. खोली भलीमोठी, जवळजवळ रिकामी, आणि त्यात ती दोघं अगदी जपून मांडून ठेवल्यासारखी. डेव्हिस कपडे रंगवताना जिवंत माणसाऐवजी सांधे असलेली बाहुली वापरायचा. त्यामुळे तोच झगा वेगवेगळ्या बायकांच्या अंगावर दिसतो. खोल्याही बऱ्याचदा कल्पनेतल्याच. ताठपणाचं खापर बहुतेक जण या बाहुलीवरच फोडतात.

मला मात्र हे अर्धंच उत्तर वाटतं. निव्हेलाँ नावाच्या नृत्यशिक्षकाचं १७३७ सालचं एक सचित्र पुस्तक आहे: सभ्य माणसानं उभं कसं राहावं, हात कुठे ठेवावा, लवून नमस्कार कसा करावा. त्यातली एक ढब, म्हणजे एक हात वेस्टकोटात खुपसून उभं राहणं, डेव्हिसच्या पुरुषांत पुन्हा पुन्हा भेटते. म्हणजे ही माणसं प्रत्यक्षातही तशीच उभी राहायला शिकलेली होती! अवघडलेपणा नव्हे, तालीम.

प्रश्न असा: कपड्याच्या चुण्या बाहुलीवरून काढल्या आहेत की माणसावरून, हे चित्रात ओळखता येतं का? खांदा, कोपर, कंबरेचा बाक, नेमकं काय पाहायचं? अशा लाकडी बाहुलीवरून ड्रेपरीचा, म्हणजे कपड्याच्या चुण्या रेखाटण्याचा, सराव केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. त्याच काळातल्या गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचं 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज' (साधारण १७५०) शेजारी ठेवून सांगितलंत तर फारच उत्तम. तिथेही माणसं बाहुल्यांसारखीच आहेत, पण त्यांच्या शेजारी दिसणारं शेत मात्र अँड्र्यूजच्या खऱ्या मालकीचं.

इंग्लंडच्या उत्तरेकडे राहणारं कुणी आहे का? प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियममध्ये डेव्हिसची चित्रं आहेत. सध्या त्यांतली कोणती भिंतीवर लावली आहेत आणि जवळून फोटो काढू देतात का, एवढं कळवाल का? मला विशेषतः बाह्या आणि मनगटं हवी आहेत.