हँग्ड मॅन : हा पत्ता खरंच 'त्याग कर' म्हणतो का?

अबोली, कर्वेनगर

गेल्या रविवारी फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत टॅरो रीडिंग होतं, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणं. मावसबहीण हौसेने बसली. प्रश्न साधा होता : बंगळुरूची नोकरी घेऊ का? निघाला बारावा पत्ता, हँग्ड मॅन, म्हणजे एका पायाने उलटा टांगलेला माणूस. रीडरबाई म्हणाल्या, "हा त्यागाचा पत्ता आहे. घरच्यांसाठी थोडं थांब, तुझीही वेळ येईल." तेव्हापासून तिने त्या नोकरीचा विषयच काढलेला नाही.

मला या अर्थाशी भांडायचं आहे, आणि तेही पत्ता समोर ठेवून. बहुतेक रीडर वापरतात तो संच १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने काढला. आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. चित्रात नेमकं काय आहे ते बघा. टी आकाराचं लाकूड आहे, पण वाळलेलं नाही, त्याला पानं फुटली आहेत. माणसाचा एकच पाय बांधलाय. दुसरा गुडघ्यात दुमडून त्याने बांधलेल्या पायामागे आरामात टाकलाय. हात पाठीशी, अंगात निळा अंगरखा, डोक्याभोवती पिवळं तेजोवलय. कपाळावर एक आठी नाही. वेट स्वतः लिहितात की हा चेहरा यातनेचा नाही, तल्लीनतेचा आहे. त्यांनी दिलेल्या अर्थांत शहाणपण, सावधपणा, पारख, कसोटी हे सगळं आधी येतं आणि मग त्याग.

मग पाचव्या नंबरचा अर्थ पहिला का होतो? आणि तो मुलींनाच का ऐकवला जातो? हाच पत्ता तिच्या भावाला आला असता तर "जरा वेगळ्या बाजूने विचार कर" एवढ्यावर भागलं असतं, याबद्दल मला शंका नाही. माझ्या मते हा पत्ता काही सोडायला सांगतच नाही. तोच प्रश्न उलट्या टोकाने बघायला सांगतो. गेले तर घरच्यांचं काय, हे तिने शंभरदा विचारलं असेल. न गेले तर माझं काय, हे एकदा तरी विचारावं.

जुनी पेठ

अबोलीताई, बहिणीबद्दलची तळमळ पोचली. पण पत्त्याचं तुम्ही फारच गोड चित्र काढलंत. तेजोवलय आणि पालवी तुम्ही ज्या संचावरून सांगताय त्यातली आहे. पत्ता त्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा आहे आणि त्याची सुरुवात अपमानात आहे.

पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत टॅरो हा पत्त्यांचा खेळ होता, भविष्य सांगायचं साधन नव्हे. तिथल्या शहरांत गद्दारांची आणि दिवाळखोरांची चित्रं भर चौकातल्या भिंतींवर रंगवत, बऱ्याचदा एका पायाने उलटं टांगलेली. माणूस पळून गेला असेल तर चित्रालाच शिक्षा. फ्लॉरेन्समध्ये सत्ताधारी मेदिची घराण्याविरुद्धच्या १४७८ च्या पाझी कटानंतर कटवाल्यांची अशी चित्रं खुद्द बोत्तिचेल्ली या नामवंत चित्रकाराने काढली. १४९४ मध्ये मेदिचींची सत्ता गेली तेव्हा ती पुसण्यात आली. जुन्या इटालियन याद्यांत हा पत्ता 'गद्दार' याच नावाने येतो.

आणखी एक. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्त्झा याच्यासाठी रंगवलेला संच आज सगळ्यात प्रसिद्ध आहे. फ्रान्चेस्कोचा बाप मुत्सिओ हा भाडोत्री सेनापती. त्याने बाजू बदलली म्हणून तेविसाव्या जॉनने, ज्याचा पोपपदावरचा हक्क चर्चने पुढे अमान्य ठरवला, रोममध्ये त्याचं असंच उलटं चित्र लावलं होतं. म्हणजे ज्या घराने हा पत्ता हातात धरला, त्या घराला त्याचा अर्थ पुरेपूर ठाऊक होता. चार लोकांत नाव घालवणं, हा तो अर्थ. तुमच्या बहिणीला खरं तर तेच दाखवलं गेलं : गेलीस तर घराशी बेइमानी. त्या बाई नकळत जुन्या अर्थाच्या जवळ पोचल्या, असं मी म्हणेन.

निशिगंध, औंध

मी स्वतः रीडिंग करते, त्यामुळे हे मनाला लागलं. त्या बाईंनी घरचा विषय काढायला नको होता, ते चूकच. पण "थांब" हा अर्थ तुम्ही दोघंही सरळ उडवून लावताय, ते मला मान्य नाही. पाठीमागे गेलेले हात बघा ना! या माणसाला आत्ता काही करता येत नाहीये. समोर येणारे बरेचसे लोक रात्री झोप नाही, उद्याच राजीनामा द्यायचा, अशा अवस्थेत येतात. त्यांना आठ दिवस थांबा म्हणणं याला मी कर्तव्य समजते. आणि त्याग म्हटलं की तुम्ही लगेच घर आणि स्वयंपाकघर धरता. कशाचा त्याग, हे पत्ता सांगत नाही. आईवडिलांना दुखवायची भीती सोडणं, हाही त्यागच की.

मॉडेल कॉलनी

मला टॅरोतलं काही कळत नाही, उलटं लटकण्यातलं थोडं कळतं. आमच्याकडे अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गात भिंतीला दोर असतात. दोराचा फास जांघेशी घ्यायचा, पाय भिंतीला लावायचे आणि डोकं खाली सोडायचं. पहिले काही क्षण छातीत धडधड होते, हात जमीन शोधतात. मग मान सुटते, श्वास लांब होतो आणि समोरच्या खिडकीतलं झाड वेगळंच दिसायला लागतं. नजर बदलते हे अबोलीताईंचं म्हणणं मला शरीराने पटतं. पण एक गोष्ट विसरू नका. आम्हाला किती वेळ लटकायचं हे माहीत असतं आणि खाली उतरवायला शिक्षक शेजारी उभे असतात. त्रिशंकूला तसं कोणी नव्हतं. विश्वामित्र आणि इंद्र यांच्या ओढाताणीत तो अधांतरी राहिला. उलटं होणं चांगलं की वाईट, ते दोर कोणाच्या हातात आहे यावर ठरतं.

तर्कट, धनकवडी

अठ्ठ्याहत्तर पत्त्यांतला एक योगायोगाने वर आला, एवढीच खरी घटना आहे. बाकी सगळा अर्थ सांगणाऱ्याचा. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने टॅरोचं मूळ इजिप्तमध्ये असल्याचं ठोकून दिलं, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताही येत नव्हती. याच पत्त्याबद्दल त्याचं मत होतं की ती विवेकाची उभी मूर्ती आहे, छापणाऱ्याने अज्ञानाने उलटी केली! इटलीत गद्दार, फ्रान्समध्ये विवेक, लंडनमध्ये ध्यानस्थ, पुण्यात आज्ञाधारक मुलगी. इतक्या सहज बदलणाऱ्या गोष्टीवर कोणाची नोकरी ठरू नये. अबोलीताई, तुम्ही बरा अर्थ सांगताय, पण रीडरबाईंच्याच खुर्चीत बसून सांगताय.

अबोली, कर्वेनगर

तर्कट, पत्त्याला भविष्य कळतं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण तिच्या मनात ते चित्र आता जाऊन बसलंय आणि "योगायोग होता" म्हणून ते निघणार नाही. चित्राला चित्रानेच उत्तर द्यावं लागतं. दोर कोणाच्या हातात, हा प्रश्न मात्र मी तिला विचारणार आहे. निशिगंध, आठ दिवस थांबा म्हणणं वेगळं आणि "तुझी वेळ येईल" म्हणणं वेगळं. दुसऱ्यात तारीखच नसते.

जुनी पेठ

त्यागाचाच विषय आहे तर चित्रकर्तीचंही सांगतो. पामेलाने या संचासाठी ऐंशी चित्रं काढली. १९०९ च्या नोव्हेंबरात छायाचित्रकार स्टिगलिट्झ यांना तिने पत्रातून कळवलं की मोठं काम हातावेगळं केलंय, पैसे मात्र फार थोडे मिळाले. संच जगभर खपला तो कित्येक दशकं रायडर आणि वेट यांच्या नावाने. ती १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. निशिगंधताई, हा पत्ता काढून कोणा मुलीला थांबायला सांगाल, तेव्हा तो कोणी काढला हेही तिला सांगा.

निशिगंध, औंध

सांगेन. पण थांबायला सांगायचं मी सोडणार नाही. किती दिवस, ते मात्र तिच्याच तोंडून वदवून घेईन.