गॅलक्सी ए54: अँड्रॉइड 15 वरून 14 वर, डेटा न जाता येता येईल का?

काउंटरवाला

फोन गॅलक्सी ए54 5जी, भारतातलं मॉडेल (एसएम-ए546ई). सध्या वन यूआय 7, म्हणजे अँड्रॉइड 15. मला वन यूआय 6.1, म्हणजे 14 वर परत यायचंय. कारण एकच: दुकानात 58 मिमीचा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर आहे आणि त्यावर बिल काढायचं अ‍ॅप जुनं आहे. बनवणाऱ्यानं ते कधीच वाऱ्यावर सोडलंय, प्ले स्टोअरवर नाही, एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) पेनड्राइव्हवर ठेवलेली आहे. 14 वर बिनबोभाट चालायचं. 15 आल्यावर काढून पुन्हा टाकायला घेतलं तर इन्स्टॉलच होत नाही, "सुसंगत नाही" असं काहीतरी म्हणतं.

ओडिनमध्ये (लॅपटॉपवरून सॅमसंग फोनमध्ये सिस्टिम टाकायचं सॉफ्टवेअर) सीएससी या फाइलच्या जागी होम_सीएससी लावलं की डेटा शाबूत राहतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. खरं आहे का? फोटो, व्हॉट्सअ‍ॅप आणि गिऱ्हाइकांचे नंबर गेलेले चालणार नाहीत. यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप याच फोनवर आहे, त्यामुळे बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिमची सही तपासणारा भाग) अनलॉक वगैरे करायचं नाही. लॅपटॉप विंडोज 11.

बिनतारी

डेटाचं नंतर बघू, आधी फोन मागे जाऊ शकतो का ते बघा. सेटिंग्ज > फोनबद्दल > सॉफ्टवेअर माहिती इथे बिल्ड नंबर असतो. नमुन्यादाखल, मॉडेलच्या पुढचं शेपूट "एक्सएक्सयू9डीवायई3" असं असेल तर ते असं वाचायचं: "यू" म्हणजे पूर्ण अपडेट (तिथे "एस" असेल तर फक्त सुरक्षा पॅच), "9" हा बूटलोडरचा बिट, "डी" हे मोठ्या आवृत्तीचं अक्षर, "वाय" म्हणजे 2025 (2024 ला "एक्स", 2023 ला "डब्ल्यू"), "ई" म्हणजे मे, शेवटचा आकडा त्या महिन्यातल्या बिल्डचा.

तुमच्या कामाचा फक्त बिट. जे जुनं फर्मवेअर (फोनची अख्खी सिस्टिम) टाकायचं त्याचा बिट तुमच्या फोनच्या बिटाइतकाच हवा. एकानंही कमी असला तर डाउनलोड मोडच्या (फोन फर्मवेअर घेतो त्या) पडद्यावर लाल अक्षरांत "एसडब्ल्यू रेव्ह. चेक फेल" येतं, पुढे डिव्हाइसचा आणि बायनरीचा आकडा दिसतो आणि गाडी तिथेच थांबते. हा आकडा चिपमध्ये कायमचा नोंदला जातो. कुठल्याही दुकानात "सॉफ्टवेअर मारून" तो खाली येत नाही. 9 च्या पुढे ए, बी, सी अशी अक्षरं लागतात, त्यामुळे "ए" म्हणजे 1 समजू नका.

बिट बऱ्याचदा नुसत्या सुरक्षा पॅचबरोबरही वाढतो. म्हणून अँड्रॉइड 14 चं सगळ्यात शेवटचं फर्मवेअर शोधा, बिट जुळायची शक्यता त्यातच जास्त. फ्रिजासारखी साधनं सर्व्हरवरचं ताजं फर्मवेअरच देतात. जुन्यासाठी सॅममोबाइलसारख्या साठ्यांत बघावं लागतं.

रात्रपाळी

होम_सीएससीबद्दल. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. होम_सीएससी एवढंच करतं की फ्लॅश करताना डेटाचं पार्टिशन पुसत नाही. पुढे जाताना (13 वरून 14, 14 वरून 15) तेवढं पुरतं. मागे येताना पार्टिशन जागेवर राहतं, पण जुन्या सिस्टिमला ते उघडता येत नाही. कारणं दोन.

पहिलं, किल्ल्या. डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याच्या किल्ल्या चिपमधल्या सुरक्षित भागात अँड्रॉइडची आवृत्ती आणि पॅचची तारीख यांना बांधलेल्या असतात. नवी सिस्टिम पहिल्यांदा सुरू झाली की किल्ल्या नव्या आवृत्तीला बांधून घेते. नंतर जुन्या सिस्टिमनं त्याच किल्ल्या मागितल्या तर चिप नकार देते. चोरानं मुद्दाम जुनी, भोक असलेली सिस्टिम टाकून डेटा काढू नये म्हणूनच ही सोय आहे. इथे चोर आणि मालक यांत ती फरक करत नाही, एवढंच.

दुसरं, डेटाबेस. किल्ल्यांचं कसंबसं जमलंच तरी कॉन्टॅक्ट, एसएमएस, सेटिंग्ज यांचे डेटाबेस नव्या सिस्टिमनं वरच्या क्रमांकावर नेलेले असतात. खालच्या क्रमांकाचं अ‍ॅप ते उघडायला गेलं की "डेटाबेस डाउनग्रेड करता येत नाही" म्हणून कोसळतं. फोनचं आणि कॉन्टॅक्टचं अ‍ॅप सारखं कोसळायला लागलं की फोन वापरता येत नाही.

प्रत्यक्षात दिसतं काय? लोगोवर अडकतो, दोनचारदा रीस्टार्ट होतो आणि रिकव्हरीत येऊन म्हणतो, अँड्रॉइड सिस्टिम लोड होत नाही, डेटा खराब झालेला असू शकतो. खाली दोन पर्याय: पुन्हा प्रयत्न करा, किंवा फॅक्टरी रीसेट. एकाच अँड्रॉइडमध्ये एखाद्या महिन्याचा पॅच मागे घेताना क्वचित निभावतं. 15 वरून 14 वर यायचं असेल तर डेटा जाणार असंच धरून चाला. डेटा ठेवून येणं म्हणजे डेटा बाहेर काढणं, फोन पुसणं, डेटा परत भरणं. अधलीमधली वाट नाही.

मोगरा

बाहेर काय काढायचं आणि लोक कुठे फसतात ते सांगते.

फोटो-व्हिडिओ केबलनं सरळ लॅपटॉपवर. डीसीआयएम आणि पिक्चर्स फोल्डर सगळे घेतात. कॉल रेकॉर्डिंग असतील तर ती रेकॉर्डिंग्ज फोल्डरमधल्या कॉलमध्ये असतात, ती हमखास राहतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा एकूण आकार ताडून बघा. एमटीपीनं (केबलवरून फायली हलवायची पद्धत) मोठा फोल्डर उचलताना मध्येच काही फायली गळतात.

नंबर: प्रत्येक नंबर कुठे सेव्ह आहे ते पाहा. "फोन" या खात्यात असतील ते गूगलला सिंक होत नाहीत. कॉन्टॅक्ट अ‍ॅपमधून व्हीसीएफ फाइल एक्सपोर्ट करा, ती जुन्या-नव्या कुठल्याही फोनवर उघडते.

व्हॉट्सअ‍ॅप: चॅट बॅकअपमध्ये जाऊन गूगल खात्यावर ताजा बॅकअप घ्या. शिवाय अंतर्गत स्टोरेजवरच्या अँड्रॉइड > मीडिया > कॉम.व्हॉट्सअ‍ॅप मधला व्हॉट्सअ‍ॅप फोल्डर अख्खा लॅपटॉपवर घ्या. परत भरताना अ‍ॅप टाका पण उघडू नका, फोल्डर त्याच जागी ठेवा आणि मग उघडून तोच नंबर द्या. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं असेल तर पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली आठवणीत आहे ना ते आत्ताच बघा. ती नसेल तर बॅकअप असून नसल्यासारखा.

स्मार्ट स्विचचा बॅकअप जरूर घ्या, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर भरताना तो अडतो किंवा काही भाग वगळतो. एडीबी (लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायचं साधन) बॅकअपचे जुने लेख वाचून त्यामागे लागू नका, अँड्रॉइड 12 पासून बहुतेक अ‍ॅप्सचा डेटा त्यात येतच नाही.

सिक्युअर फोल्डरमधलं सगळं आधी बाहेर हलवा, साध्या कॉपीत ते दिसत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड दुसऱ्या फोनवर क्यूआरनं घ्या. यूपीआय पुन्हा नोंदवावं लागेल (त्याच सिमवरून एसएमएस जातो, म्हणजे सिममध्ये बॅलन्स हवा) आणि पहिल्या 24 तासांत 5,000 रुपयांची मर्यादा लागते. दुकान आहे म्हणताय तर व्यापाऱ्यांचे पैसे देण्याच्या आदल्या दिवशी हा उद्योग नको. क्यूआरवर पैसे येत राहतात, अडचण पाठवण्याची.

बिनतारी

मोगरांनी मोठं काम केलं. बिट जुळला तर पुढचं थोडक्यात.

फर्मवेअरची झिप मोठी, 6-8 जीबीच्या घरात. लॅपटॉपवर 20 जीबी मोकळी जागा ठेवा. उघडल्यावर पाच फायली मिळतात: बीएल, एपी, सीपी, सीएससी, होम_सीएससी. तुम्ही पुसूनच टाकणार, म्हणून सीएससी वापरा. सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर आधी टाकून लॅपटॉप रीस्टार्ट करा.

सेटिंग्जमधून गूगल खातं काढा. नाही काढलं तर पुसल्यानंतर फोन तेच खातं आणि पासवर्ड मागेल, पासवर्ड आठवत नसेल तर तिथेच मुक्काम. चार्ज निम्म्याच्या वर हवा. फोन बंद करा, आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरा आणि तशीच धरून लॅपटॉपला जोडलेली केबल खोचा. निळसर इशारा आला की आवाज वाढवायचं बटण एकदाच, हलकं दाबा. दाबून धरलंत तर तो अनलॉकच्या वाटेला जातो, ते नको.

ओडिनमध्ये आयडी:कॉमचा चौकोन निळा झाला की चार फायली चार खान्यांत. एपी निवडल्यावर ओडिन काही मिनिटं गोठल्यासारखं दिसतं. फाइल तपासत असतं, बंद करू नका. ऑप्शन्समध्ये ऑटो रीबूट आणि एफ. रीसेट टाइम एवढ्याच खुणा. री-पार्टिशनला हात लावायचा नाही. मग स्टार्ट. सेटअप कनेक्शनवरच अडकलं तर केबल किंवा पोर्ट बदला, हब काढा, दहापैकी नऊ वेळा तेच असतं. फेल आणि ऑथ आलं तर फाइल चुकीच्या मॉडेलची किंवा खालच्या बिटाची.

कंपनीची सही असलेलं फर्मवेअर असं टाकल्यानं नॉक्स (सॅमसंगची सुरक्षा यंत्रणा) जात नाही आणि बूटलोडर लॉकच राहतो. बँकेच्या अ‍ॅपची काळजी नको.

पाटीपेन्सिल

मध्येच घुसतो. आयफोनला हे जमतं का?

रात्रपाळी

अ‍ॅपल ज्या आवृत्तीवर सही देत असेल तेवढ्यावरच. नवी आल्यावर जुनीची सही साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत बंद होते, मग वाट बंद. आणि नव्या आयओएसवर घेतलेला बॅकअप जुन्यावर भरता येत नाही. म्हणून अपडेट करण्याआधी फाइंडरमध्ये बॅकअप घेऊन तो अर्काइव्ह करायचा, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर बसत नाही. वेगळा धागा काढा, इथे प्रिंटर थांबलाय.

काउंटरवाला

सगळ्यांचे आभार. बिट जुळतोय, 14 चं शेवटचं फर्मवेअर मिळालं. डेटा काढायला घेऊ ना?

जुनापुराणा

थांबा. फोन पुसण्याआधी एपीके का अडतेय ते बघा. अँड्रॉइड 14 पासून जुन्या अ‍ॅप्सना मुद्दाम दार लावलंय. अ‍ॅप कुठल्या एसडीकेला (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक) धरून बनवलंय तो क्रमांक 14 वर किमान 23 हवा, 15 वर किमान 24. त्याखालचं अ‍ॅप नव्यानं इन्स्टॉल होत नाही. पण आधीपासून फोनमध्ये असलेलं अपडेटनंतरही राहतं आणि चालतं. ए54 अँड्रॉइड 13 घेऊन बाजारात आला. अ‍ॅप तेव्हाच टाकलेलं असेल तर 14 वर ते चाललं याचा अर्थ 14 वर ते नव्यानं टाकता येईल असा होत नाही. क्रमांक 22 निघाला तर एवढा खटाटोप करून 14 वर याल आणि तिथेही तोच निरोप मिळेल.

क्रमांक कळण्यासाठी लॅपटॉपवर गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी त्यातच असतं) उतरवून घ्या. फोनमध्ये बिल्ड नंबरवर सातदा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा. ते करडं दिसत असेल तर सुरक्षा आणि गोपनीयतामधला ऑटो ब्लॉकर बंद करा, केबलवरून येणाऱ्या कमांड तोच अडवतो. एपीके टूल्सच्याच फोल्डरमध्ये ठेवा, तिथे कमांड खिडकी उघडा आणि:

एडीबी इन्स्टॉल बिल.एपीके

(टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं, सगळी लहान लिपी.) आवृत्तीवरूनच अडत असेल तर उत्तरात स्पष्ट येतं: किमान 24 हवा, सापडला अमुक. तसं आलं तर हीच कमांड एका शब्दाच्या भरीनं:

एडीबी इन्स्टॉल --बायपास-लो-टार्गेट-एसडीके-ब्लॉक बिल.एपीके

सुरुवातीला दोन आडव्या रेघा, मधल्या जागी एकेक. ही सोय अँड्रॉइडमध्येच आहे, कुठलं हॅक नव्हे. बहुतेक वेळा अ‍ॅप बसतं. त्यासाठी फोन पुसावा लागत नाही आणि 15 वरून हलावंही लागत नाही.

मोगरा

हे माहीत नव्हतं. प्ले प्रोटेक्ट (गूगलचा सुरक्षा तपासणीस) आडवा येईल का?

जुनापुराणा

येऊ शकतो. इशारा आला तर "तरीही इन्स्टॉल करा". अ‍ॅप उघडलं की परवानग्यांची यादी एकदम दाखवेल, जुन्या अ‍ॅप्सची पद्धत तशीच. प्रिंटर आधी फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमधून जोडून घ्या (पिन बहुधा 0000 किंवा 1234), मग अ‍ॅपमध्ये निवडा. अ‍ॅपला स्वतः प्रिंटर शोधायला लावलंत तर लोकेशनची परवानगी नसल्यानं यादी रिकामी येते आणि माणूस उगाच प्रिंटर बडवत बसतो.

काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद, ऑटो ब्लॉकर परत चालू. यूपीआय त्याच फोनवर आहे. आणि एपीकेची प्रत अजून एका जागी ठेवा. अ‍ॅप बसलं तरी उघडल्या उघडल्या कोसळलं, तरच ओडिनकडे वळा. पण मग 14 पुरेल की 13 लागेल हे एडीबीनं दाखवलेल्या आकड्यावरून ठरेल, आणि 13 चं फर्मवेअर तुमच्या बिटाचं मिळणं जवळपास अशक्य. तेव्हा हजार-दोन हजारांचा जुना अँड्रॉइड घेऊन तो प्रिंटरशेजारी ठेवलेला परवडेल. त्यात सिमही लागत नाही.

काउंटरवाला

"किमान 24 हवा, सापडला 22" असंच आलं. दुसऱ्या कमांडनं अ‍ॅप बसलं, बिल निघतंय. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतायत, पण ते आधीपासूनचं आहे.

जुनापुराणा

चौकोन प्रिंटरच्या फॉन्टमुळे. अ‍ॅपमध्ये मजकूर चित्र म्हणून छापायचा पर्याय असेल तर तो लावा, 58 मिमीला रुंदी 384 ठिपके.