लिस्बन: बेलेमसोबत हेही पाहा

लिस्बनमध्ये दोनच दिवस असतील तर बेलेम या नदीकाठच्या भागातला बुरूज आणि जेरोनिमुश मठ पुरे, असं बरेच जण सुचवतात. मठाबद्दल पूर्ण सहमत. पण बुरुजाच्या रांगेत तास घालवण्यापेक्षा तो बाहेरून, नदीकाठावरून पाहा आणि वाचलेला वेळ टाइल्सच्या संग्रहालयाला द्या, असं मी आग्रहाने सांगेन.

हे संग्रहालय 1509 मध्ये स्थापन झालेल्या माद्रे द देउश या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात आहे. तिथे सुमारे 23 मीटर लांबीचं, निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये रंगवलेलं लिस्बनचं चित्र आहे. ते साधारण 1700 सालचं, म्हणजे 1755 च्या भूकंपाआधीचं. जे शहर त्या भूकंपात, आगीत आणि त्सुनामीत गेलं, ते नदीकाठच्या राजवाड्यासकट इथे दिसतं. घाई करू नका. ते पाहून मग कार्मोच्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये गेलात की भूकंपाने काय केलं ते नीट उमगतं.

जेरोनिमुश मठातल्या चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची आणि कवी कामोंइशची कबर समोरासमोर आहे. गामा 1524 मध्ये कोचीला वारला, तिथेच त्याला पुरलं होतं. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधली ती जागा पाहिलेली असेल, तर इथे जरूर थांबा.

आणि सोमवार टाळा, बहुतेक सरकारी संग्रहालयं बंद असतात.