लिस्बन, जूनचा दुसरा आठवडा : पाहायचं काय, खायचं काय?

शेवंती
मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लिस्बनला जायचं पक्कं झालंय. मी, नवरा आणि सासूबाई. व्हिसाचं, विमानाचं मार्गी लागलंय, ते सोडून सल्ला हवाय. नवऱ्याला मासे मिळाले की बाकी काही नसलं तरी चालतं. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. चढ चढतील, पण दिवसभर नाही. संगीताची आवड मात्र तिघांनाही आहे. खरेदी नको. एका टूरवाल्यांनी नदीकाठचं बेलें, शहराबाहेरचं सिंत्रा गाव आणि समुद्रकिनारा असं सगळं एकाच दिवसात कोंबून दिलं, ते पाहूनच दमलो.

पायऱ्याच_पायऱ्या
इथेच राहतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तारखा झकास आहेत. १२ जूनची रात्र म्हणजे सांतु अंतोनियु या संताच्या उत्सवाची रात्र. अल्फामा, मोरारिया, ग्रासा या जुन्या वस्त्यांत गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन भाजतात, तेच पावाच्या तुकड्यावर ठेवून हातात देतात. मोठ्या हमरस्त्यावर, म्हणजे आवेनिदा द लिबरदादवर, एकेका वस्तीची पथकं नटूनथटून नाचत जातात. कुंडीतली छोटी तुळशीसारखी झुडपं विकायला येतात, त्यांत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. सासूबाईंना हे नक्की आवडेल. १३ला शहराला सुट्टी.

म्हणूनच अल्फामात खोली घेऊ नका. फोटोत गोड दिसतं, पण त्या आठवड्यात पहाटेपर्यंत झोप नाही आणि एरवीही बॅगा ओढत पायऱ्या चढाव्या लागतात. साल्दान्याच्या आसपास पाहा. सपाट भाग, मेट्रो जवळ, आणि साध्या खाणावळी भरपूर. इथे त्यांना 'ताश्का' म्हणतात. दुपारी 'प्रातु दु दिया' मागायचं, म्हणजे आजचं ताट. अर्धं ताटही बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि ते एकाला पुरतं. माझं स्पष्ट मत : दिवस स्मारकांभोवती नाही, दुपारच्या जेवणाभोवती आखा.

बेलेंला एक सकाळ द्या. जेरोनिमुश मठाचं तिकीट आधी काढा, सोमवारी बंद असतो. बांधकाम १५०१ साली सुरू झालं. दगडात दोरखंड, पोवळी, समुद्री वनस्पती असं काय काय कोरलंय. चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. मग जवळच 'पाश्तेइश द बेलें', १८३७ पासूनचं दुकान. बाहेरची रांग बघून परत फिरू नका, ती बहुतेक बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसायचं, वरून दालचिनी भुरभुरायची. पण हा सगळा अंड्याच्या बलकाचा मामला, तेव्हा सासूबाईंना कॉफीच.

मांडवीकाठी
नवऱ्यासाठी. बाकल्याव सगळीकडे दिसेल, तो खारवून वाळवलेला कॉड मासा. तिथल्या समुद्रातला नव्हेच, उत्तरेकडून येतो. एकदा 'आ ब्राश' खा : बारीक तळलेले बटाटे, कांदा आणि अंड्यात परतलेला. पण खरी मजा ताज्या मासळीत. दोरादा किंवा रोबालु निखाऱ्यावर भाजलेला मागवा. भाव किलोवर असतो, आधी वजन विचारा. आणि 'बुल्यांव पातु' पद्धतीच्या तिसऱ्या! लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल, लिंबू. नारळ नाही म्हणून नाक मुरडू नका, उरलेला रस पावाने पुसून खा.

लिस्बनला जाऊन गोव्याचं काय खायचं, असं कोणीतरी म्हणेलच. खुशाल खा. १९६१ नंतर गोव्यातून आणि १९७५च्या सुमारास मोझांबिकमधून बरीच गोंयकार कुटुंबं तिथे गेली. शागुती, सारपातेल, बेबिंका देणारी छोटी हॉटेलं आहेत. समोसा तर 'शामुसा' होऊन साध्या कॅफेच्या काउंटरवर कॉडच्या वड्यांशेजारी बसलाय.

तालठेका
फादोबद्दल, म्हणजे तिथल्या दर्दभऱ्या गाण्यांबद्दल. जेवणासकट कार्यक्रम महाग पडतो आणि जेवण बहुधा यथातथाच. आधी अल्फामाच्या पायथ्याशी फादो संग्रहालय करा, तिथे जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकता येतात. मग रात्री 'फादु वादियु'ची जागा शोधा, तिथे हौशी लोक उठून गातात. बारा तारांची पोर्तुगीज गिटार जवळून ऐकायला मिळते. गाणं सुरू झालं की दिवे मंद आणि बोलणं बंद; वाढपीही थांबतो. आमच्याकडच्या मैफलींत मध्येच वडे मागवणाऱ्यांना एकदा तिथे नेऊन बसवावं. प्रसिद्ध फादो गायिका आमालिया रोद्रिगिशचं घरही पाहता येतं.

बखरवेडा
अवांतर, पण बेलेंला जाताय म्हणून. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला गेंडा गोव्यातून जहाजाने लिस्बनला आला. त्याचं वर्णन आणि रेखाटन यांवरून जर्मन चित्रकार ड्यूररने चित्र काढलं, प्रत्यक्ष न बघता. बेलेंच्या मनोऱ्याच्या एका बुरुजाखाली गेंड्याचं डोकं कोरलंय, बाहेरूनच दिसतं, झिजलंय मात्र. मठाच्या चर्चमध्ये राजांच्या कबरी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. आणि आल्कांतारातलं 'म्युझेउ दु ओरिएंत', म्हणजे पूर्वेकडच्या देशांवरचं संग्रहालय, चुकवू नका. जुन्या कॉडच्या गोदामात २००८ साली उघडलेलं. वास्को द गामाच्या कबरीपुढे सेल्फी काढणाऱ्यांपेक्षा तिथे जास्त कळतं.

शेवंती
सगळ्यांचे आभार! ट्राम २८चं काय? आणि सासूबाईंच्या पोटाचं कोणीच सांगत नाहीये.

पायऱ्याच_पायऱ्या
ट्राम २८ सकाळी लवकर, नाहीतर नाहीच. दुपारी उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूंची चांदी असते. त्यापेक्षा काइश दु सोद्रेहून फेरीने काशिल्याशला जा, शहर पाण्यातून बघा, पलीकडे मासे खा. चपला घसरणाऱ्या नकोत, फुटपाथचे दगड गुळगुळीत आहेत.

आता सासूबाई. 'सें कार्न, सें पैश, सें ओवुश' हे कागदावर लिहून ठेवा : मांस, मासे, अंडी नकोत. काल्दु वेर्द हे हिरव्या भाजीचं सूप छान दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. त्यापेक्षा 'सोपा द लेगुमिश' मागा आणि त्यातही मांसाचं पाणी आहे का ते विचारा. फरसबीची भजी मिळतात, पण पिठात बहुधा अंडं. चीजची मात्र मौज आहे : आझेइतांव आणि सेरा दा इश्त्रेलाचं चीज जनावराच्या रेनेटने (वासराच्या वगैरे पोटातून काढलेल्या विरजणाने) नव्हे, एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजतात. दूध मेंढीचं, पोत मऊ, चमच्याने खायचं. जूनमध्ये फुंदांवच्या चेरी येतात, त्या रोज घ्या. लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. वेळ आधी फोनवर विचारा.

आणि बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी आणून ठेवतात ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कोणी रागावत नाही.

शेवंती
चीजचं वाचून दाखवलं. त्या म्हणतायत, फूल कोणतं ते विचार, मग ठरवू.

पायऱ्याच_पायऱ्या
कार्दु. आर्टिचोकच्या जातीचं, जांभळं फूल.