मदत हवी आहे: पुण्यात क्लबमध्ये लाइव्ह सेट ऐकायला जायचंय

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. इलेक्ट्रॉनिक संगीताचं भयंकर वेड आहे, पण आजवर सगळं हेडफोनवरच ऐकलंय. आता माझ्या आवडत्या प्रोड्युसरचा पुण्यात एका क्लबमध्ये कार्यक्रम आहे, आणि तोही डीजे सेट नाही, लाइव्ह! म्हणजे तयार गाणी एकात एक मिसळणं नाही. ड्रम मशीन, सिंथ (सिंथेसायझर), लॅपटॉपवर एबलटन हे संगीताचं सॉफ्टवेअर, सगळं तिथल्या तिथे जुळवणं. फिल्टरचं बटण हळूहळू फिरवत दबलेला बेस मोकळा सोडतात ना, तो हात मला जवळून बघायचाय.

अडचण परतीची. हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळीच पुण्याहून सुटते, तोवर क्लबचं दारही उघडत नाही. कार्यक्रम संपवून मध्यरात्रीनंतरची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठता येते का, की स्वारगेटहून एसटीच बरी?

धाकटी बहीण सोबत येतेय, वय वीस. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि दारूला 25 वर्षांची अट आहे हे ठाऊक आहे. आम्ही पिणारच नाही. पण नुसतं आत सोडतानाही वय बघतात का?

आणि चांगले इअरप्लग सोलापुरात कुठे मिळतील? 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटंच सुरक्षित मानतात, त्यामुळे तिच्या कानांची काळजी वाटते. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, तिकिटं काढायची थांबलोय.